इंजिनांची मोजदाद
छोट्या रेल्वेच्या संग्राहकाकडे नेमकी किती इंजिने असतात, आणि ती असतात तरी कशाला?

छोट्या रेल्वेचा छंद जोपासणाऱ्या माणसाला ‘तुमच्याकडे इंजिने किती?’ असे विचारले, की उत्तर सहसा चटकन येत नाही. आकडा ठाऊक नसतो असे नाही; काय मोजायचे, हे आधी ठरवावे लागते. रुळावर धावणारी तेवढीच मोजायची, की मोटर जळून वर्षानुवर्षे कपाटात पडलेलीही धरायची? खोक्यातून कधी बाहेरच न आलेली नवीकोरी इंजिने कोणत्या रकान्यात घालायची? अमेरिकी पद्धतीच्या मालगाडीला तीन-चार डिझेल इंजिने एकामागोमाग जोडलेली असतात; त्यांच्या प्रतिकृतींत एखाद्यातच मोटर असते आणि बाकीची नुसती ओढली जातात. ही बिनमोटरची सांगाडा-इंजिने मोजावीत की नाहीत, यावर जाणत्यांचेही एकमत नाही. लोकल गाडीसारख्या गाडीला तर वेगळे इंजिनच नसते. त्यामुळे एकाच घरातील एकाच संग्रहाचे उत्तर मोजणाऱ्यागणिक ८० ते १२० असे बदलू शकते.

या छंदात शंभर ही संख्या काही अचाट समजली जात नाही, ही गोष्ट मात्र बाहेरच्या माणसाला नवलाची वाटते. पाच-दहा इंजिनांवर आयुष्यभर समाधान मानणारे छांदिष्ट आहेत, तसे अनेक शतके ओलांडलेलेही आहेत.

संग्रहाचा आकार पहिल्यांदा ठरतो तो मापाने. आपल्याकडे परिचित असलेले डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन सुमारे १७ मीटर लांब. १:८७ या प्रमाणातील, म्हणजे ‘एचओ’ मापाची त्याची प्रतिकृती वीस सेंटिमीटरच्या आत बसते. १:१६० या ‘एन’ मापात ती ११ सेंटिमीटरची होते आणि १:२२० या ‘झेड’ मापात तर आठ सेंटिमीटरही भरत नाही. उलट बागेत मांडावयाच्या १:२२.५ या ‘जी’ मापात तेच इंजिन पाऊण मीटरचे धूड होते. एक मीटर रुंदीच्या, दहा फळ्यांच्या काचेच्या कपाटात ‘एचओ’ मापाची अशी पन्नास इंजिने नीट मावतात; तीनशे इंजिनांना सहा कपाटे हवीत. ‘जी’ मापाची तीनशे इंजिने बाळगायची तर गोदामच लागेल. लहान घरांच्या शहरांत लहान मापे का रुजली, याचे वेगळे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही.

ही मापे एका दिवसात ठरलेली नाहीत. जर्मनीतील ग्योपिंगेन येथे १८५९ साली स्थापन झालेल्या मेर्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठराविक रुंदीच्या रुळांची मालिका मांडली आणि खेळण्यातील गाडीला पुढच्या वर्षी आणखी रूळ, आणखी डबे जोडता येऊ लागले. एकदाच विकत घेऊन संपणारी वस्तू अशा रीतीने वाढत जाणारी वस्तू झाली. संग्रह नावाच्या व्याधीचे मूळ तेथे आहे, असे म्हणावयास हरकत नाही. अमेरिकेत जोशुआ लायनेल काउएन यांनी १९०० मध्ये लायनेल कंपनी काढली. इंग्लंडात ‘मेकॅनो’चे जनक फ्रँक हॉर्नबी यांच्या गाड्या १९२० मध्ये आल्या आणि १९३८ मध्ये ‘हॉर्नबी डब्लो’ ही निम्म्या आकाराची मालिका निघाली. ब्रिटिश इंजिने मुळात बांध्याने लहान. १:८७ च्या देहात त्या काळच्या मोटरी मावेनात. तेव्हा देह १:७६ चा आणि रूळ मात्र १:८७ चे, अशी तडजोड झाली. परिणामी ब्रिटिश ‘ओओ’ मापाचा प्रत्येक रूळ हिशेबाने सात इंचांनी अरुंद आहे. काटेकोर छांदिष्टांना हे शल्य आजही बोचते.

एकच इंजिन, दहा खोकी

गरज भागल्यावरही संग्रह वाढत का जातो, याचे उत्तर ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या एका इंजिनात सापडते. १९२३ मध्ये डॉनकास्टर येथे बांधलेले हे इंजिन १४७२ या क्रमांकाने रुळावर आले. पुढच्याच वर्षी ते ४४७२ झाले, १९४६ मध्ये आधी ५०२ आणि मग १०३, आणि रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणानंतर ६०१०३. सफरचंदी हिरवा, युद्धकाळातील काळा, नंतर निळा आणि पुन्हा गडद हिरवा, असे रंग बदलले. धुराडे एकेरीचे दुहेरी झाले. १९६३ मध्ये सेवानिवृत्त झाल्यावर ॲलन पेग्लर यांनी ते विकत घेतले, मग त्याला पाण्यासाठी दुसरा टेंडर जोडला गेला आणि १९६९ मध्ये ते अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. प्रत्यक्षात इंजिन एक. पण यांतील प्रत्येक अवस्था ही प्रतिकृती बनवणाऱ्याच्या दृष्टीने स्वतंत्र वस्तू आहे. ‘स्कॉट्समन’चा भक्त असलेला संग्राहक दहा खोकी घेऊन बसतो आणि त्याला त्यांतले एकही दुबार वाटत नाही. युरोपात तर रेल्वेच्या इतिहासाचे कालखंडच क्रमांक देऊन पाडलेले आहेत. ज्याने एखादा कालखंड धरला तो त्यापुरता थांबतो, निदान थांबावे असे ठरवतो.

दुसरे कारण बाजाराचे आहे. हॉर्नबीसारख्या कंपन्यांनी १९९०च्या दशकात आपले उत्पादन चीनकडे वळवले. प्रतिकृतींचा दर्जा एकदम उंचावला, पण पद्धतही बदलली. पूर्वी एखादे इंजिन वर्षानुवर्षे दुकानात मिळत राही. आता एका रंगाची, एका क्रमांकाची एक खेप निघते आणि संपते. पुन्हा कधी निघेल याची शाश्वती नाही. साहजिकच ‘लागेल तेव्हा घेऊ’ हा विचार मागे पडून ‘आहे तोवर घेऊन ठेवू’ ही वृत्ती बळावली. वाफेच्या मोठ्या ब्रिटिश इंजिनाची ‘ओओ’ प्रतिकृती आता दोनशे पौंडांच्या घरात जाते, तरीही खोकी न उघडता रचून ठेवणारे आहेतच. दोन खोल्यांच्या घरात ही खोकी पलंगाखाली जातात. त्यांचा खरा आकडा जोडीदाराला ठाऊक नसतो, हा या मंडळींमधला जगभरचा जुना विनोद. तो सर्वस्वी विनोद असतोच असे नाही.

गाडी चालवण्यासाठी खरोखर किती इंजिने लागतात? दहा बाय आठ फुटांच्या खोलीत एक स्थानक, एक मालधक्का आणि एक लपवलेला यार्ड असलेली शाखा-रेल्वे उभारली, तर तीन ते पाच इंजिनांत दिवसभराचे वेळापत्रक सहज चालते. दुसऱ्या टोकाला हॅम्बुर्ग येथील ‘मिनिआटुर वुंडरलांड’ आहे. ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या या प्रदर्शनात हजाराहून अधिक गाड्या, दहा हजारांहून अधिक डबे आणि पंधरा किलोमीटरहून लांब रूळ आहेत. तेथील इंजिने कपाटात बसत नाहीत. रोज धावतात, झिजतात आणि दुरुस्तीच्या टेबलावर येतात. पॉप गायक रॉड स्ट्युअर्ट यांनी दोन दशकांहून अधिक काळ खपून उभारलेले अमेरिकी शहर २०१९ मध्ये एका ब्रिटिश मासिकातून लोकांसमोर आले. तेथेही भर इमारतींवर, धुरकट रस्त्यांवर आहे, इंजिनांच्या आकड्यावर नाही. गाडी चालवणारा आणि गाडी साठवणारा, हे या छंदातील दोन वेगळे पंथ आहेत. अर्थात बहुतेक माणसे दोन्ही पंथांत एकेक पाय ठेवून असतात.

साठवणाऱ्यांच्या पंथातील थोर नावे अमेरिकेत अधिक. डिस्नेचे चित्रकार वॉर्ड किंबल यांनी १९३८ मध्ये परसात खरीखुरी अरुंदमापी रेल्वे आणली आणि घरात जुन्या खेळण्यातील गाड्यांचा अफाट साठा केला. २००२ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर या साठ्याचे लिलाव झाले. लायनेल कंपनीत भागीदारी असलेले गायक नील यंग यांनी २०१७ मध्ये आपल्या २३०हून अधिक गाड्या लिलावात काढल्या. जेरी आणि नीना ग्रीन या दांपत्याचा ‘जर्नी’ संग्रह तर ३५ हजारांहून अधिक वस्तूंचा. अर्थात त्यात इंजिनांबरोबर डबे, स्थानके, पूल असे सगळेच आले. हा संग्रह न्यूयॉर्कच्या हिस्टॉरिकल सोसायटीकडे गेला आणि २०१४ पासून तेथे नाताळात मांडला जाऊ लागला.

जुन्या मालाची किंमत कशी ठरते याचा एक नमुना सांगण्याजोगा आहे. लायनेलने १९५७ मध्ये मुलींसाठी म्हणून गुलाबी इंजिन आणि फिकट रंगांचे डबे असलेली गाडी बाजारात आणली. मुलींना ती नको होती. हवी होती ती भावाकडे असते तशी काळी, खऱ्यासारखी गाडी. दुकानदारांकडे माल पडून राहिला. जे विकले गेले नाही तेच दुर्मिळ झाले आणि आज अस्सल गुलाबी गाडीसाठी संग्राहक भरपूर पैसे मोजतात.

आतून फुटणारे इंजिन

आकडा वाढत असताना तो आतून घटतही असतो. युद्धपूर्व काळातील अनेक इंजिनांचे भाग जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले आहेत. त्या मिश्रणात शिशाचा अंश अधिक राहिला असेल, तर काही दशकांनी धातू फुगतो, त्याला केसासारख्या चिरा पडतात आणि अखेर चाके, चौकटी हातात भुगा होऊन येतात. याला ‘जस्ताचा रोग’ म्हणतात. त्यावर उपाय नाही. भाग बदलणे एवढेच हाती उरते. नव्या इंजिनांचे दुखणे वेगळे. वंगण सुकते, रबरी धावा कडक होतात, दातेरी चाके तडकतात. वर्षातून एकदा प्रत्येक इंजिन काही मिनिटे चालवावे, असे अनुभवी मंडळी सांगतात. एकेका इंजिनाला रुळावर ठेवणे, तपासणे, पुसणे, परत ठेवणे यांत अर्धा तास धरला, तर तीनशे इंजिनांना दीडशे तास लागतात. रोज एक तास दिला तरी पाच महिने.

संग्रह मोठा झाला की तो मालकाला एका तंत्राशी बांधूनही टाकतो. मेर्कलिनची पद्धत तीन रुळांची आणि प्रत्यावर्ती विजेची. इतरांची दोन रुळांची आणि एकदिश विजेची. एकीकडची इंजिने दुसरीकडे धावत नाहीत. पुढे अंकीय नियंत्रण आले आणि प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक देऊन एकाच रुळावर स्वतंत्रपणे चालवणे शक्य झाले. मात्र त्यासाठी प्रत्येक इंजिनात छोटा संग्राही बसवावा लागतो आणि आवाजासहित हवा असेल तर एकेकाला शंभर पौंडांच्या आसपास खर्च येतो. दहा इंजिनांचा मालक हे एका दिवाळीत उरकू शकतो. दोनशेंचा मालक जुन्या पद्धतीतच राहणे पसंत करतो.

भारतातील छांदिष्टाची अडचण आणखी मूलभूत आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. १:८७ मध्ये ती १९ मिलिमीटरहून थोडी अधिक होते. जगभर मिळणारा तयार रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचा, म्हणजे १४३५ मिलिमीटरच्या गेजचा. आपले इंजिन अचूक बनवायचे तर रूळही हाताने घालावे लागतात. त्यामुळे मुंबई-पुण्यातील अनेक संग्रहांत भारतीय इंजिनांपेक्षा जर्मन, ब्रिटिश आणि अमेरिकीच अधिक भरतात. त्यातही करांचा बोजा आहे. खेळणी आणि प्रमाणबद्ध प्रतिकृती यांच्यावरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. देशी खेळणी-उद्योगाला संरक्षण देण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. पण ज्या प्रतिकृती देशात बनतच नाहीत, त्यांच्यावरही तोच दर लागतो.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. तेथे येणारी मुले इंजिने मोजत नाहीत. सिग्नल, उड्डाणपूल, दिव्यांचे खांब आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या गाड्या हे सगळे एकत्र पाहण्यात त्यांचा वेळ जातो. स्वित्झर्लंडच्या ‘क्रोकोडील’ विद्युत इंजिनाची प्रतिकृती मिळवण्यासाठी अनेक भारतीय संग्राहक उत्सुक असतात, त्यालाही घरचे कारण आहे. त्याच घाटणीचे आणि स्विस वळणाचे इंजिन १९२८पासून जीआयपी रेल्वेत आले आणि बोरघाटात मालगाड्या चढवू लागले. आपल्या रेल्वे कर्मचाऱ्यांनी त्याच्यात मगर पाहिली नाही. त्यांनी त्याला ‘खेकडा’ म्हटले.

पश्चात काय?

मोठ्या संग्रहाचा खरा प्रश्न मालकाच्या पश्चात उभा राहतो. वारसांना हाती लागतात ती चारशे खोकी, आणि डोक्यात असतो ऐकीव किमतीचा आकडा. प्रत्यक्षात, १९५०च्या दशकात ज्यांच्या बालपणी हे खेळणे शिखरावर होते ती पिढी आता आपले संग्रह मोकळे करीत आहे. माल एकाच वेळी बाजारात येतो आणि सामान्य इंजिनांचे भाव उतरतात. चढे राहतात ते मोजक्या दुर्मिळ नमुन्यांचे. जुने संग्रह मोठ्या प्रमाणावर विकत घेणारे, १९४६ पासून चालत आलेले ‘हॅटन्स’ हे ब्रिटिश दुकान २०२४ मध्ये बंद झाले. त्याच सुमारास वॉर्लीच्या मंडळाचे बर्मिंगहॅमला भरणारे वार्षिक प्रदर्शनही, २०२३ मधील खेपेनंतर, थांबले. सगळा संग्रह एकगठ्ठा उचलणारा व्यापारी सुट्या विक्रीच्या मानाने पुष्कळ कमी देतो, कारण तीनशे सामान्य इंजिनांत पाच चांगली शोधण्याचे काम त्याच्या माथी येते.

यासाठी जाणते संग्राहक वही ठेवतात. तीत निर्मात्याचा अनुक्रमांक, खरेदीचे वर्ष, दिलेली किंमत, मूळ खोके आहे की नाही, कोणता भाग बदलला आणि इंजिन शेवटचे कधी चालवले, हे सहा रकाने पुरेसे असतात. मूळ खोके नसेल तर किंमत लक्षणीय घटते, म्हणून रिकामी खोकीसुद्धा टाकली जात नाहीत. काही जण सातवा रकाना आखतात. हे इंजिन पुढे कोणाला द्यायचे, त्याचे नाव त्यात असते.