मांडवीचा पूल आणि काँक्रीटमधील अदृश्य तार

५ जुलै १९८६ रोजी पणजी येथील मांडवी नदीवरचा नेहरू पूल कोसळला. जेमतेम दीड दशकाच्या सेवेनंतर तो पडला आणि पणजी-पर्वरी वाहतुकीचा भार पुन्हा फेरीबोटींवर आला. पूल पूर्वप्रतिबलित, म्हणजेच प्रीस्ट्रेस्ड, काँक्रीटचा होता. आतील पोलादी तारांना लागलेला गंज हे त्याच्या नाशाचे मुख्य कारण ठरले. काँक्रीटच्या पोटातील तारेवर एवढा मोठा पूल का अवलंबून असावा, याचे उत्तर या तंत्राच्या इतिहासात आहे.

काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण सोसण्याची त्याची शक्ती मात्र त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकीच असते. तुळई वाकली की तिची खालची बाजू ताणली जाते आणि तेथेच तडा जातो. यावरील उपाय जुना आहे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात. ती थंड होताना आक्रसते आणि लाकडी पाटे एकमेकांवर घट्ट दाबले जातात. काँक्रीटलाही भार येण्यापूर्वीच असे दाबून ठेवले, तर भाराने निर्माण होणारा ताण आधी तो दाब कमी करण्यातच खर्ची पडेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आणि जर्मनीत यासाठी एकस्वे घेतली गेली, परंतु प्रयोग फसले. साध्या सळईवर सुमारे १२५ मेगापास्कल ताण दिला तर ती हजार भागांमागे जेमतेम ०.६ भाग लांबते. काँक्रीट सुकताना आणि सततच्या दाबाखाली जवळपास तेवढेच आखडते. परिणामी दिलेला ताण विरून जातो. फ्रेंच अभियंता यूजेन फ्रेसिने याने आपल्या कमानी पुलांवर हे संथ आखडणे, म्हणजेच विसर्पण, प्रत्यक्ष अनुभवले होते. १९२८ साली त्याने उच्च सामर्थ्याच्या पोलादी तारांचा मार्ग एकस्वाद्वारे मांडला. १००० मेगापास्कल ताणाला अशी तार हजारामागे ५ भाग लांबते. त्यातून आखडण्याचा भाग वजा केला तरी बहुतांश ताण शिल्लक राहतो.

हा दाब हवा तेथे देता येऊ लागल्याने घटकांचे आकारही बदलले. वाकताना वरच्या व खालच्या कडांवर सर्वाधिक प्रतिबल येते. म्हणून मधला भाग बारीक ठेवलेली आय-आकाराची तुळई पुलांसाठी रूढ झाली. टी-आकारात वरचा रुंद पाटा रस्त्याचेही काम करतो. पेटीसारखी पोकळ तुळई पीळ उत्तम सोसते, म्हणून वळणदार उड्डाणपूल आणि मेट्रोमार्गांना ती सोयीची पडते. रेल्वेचे स्लीपर आणि विजेचे खांब कारखान्यातच ताणलेल्या तारांभोवती ओतले जातात. भारतात १९५४ सालचा चेन्नईजवळील पालार नदीवरचा पूल या तंत्राच्या आरंभीच्या टप्प्यातला. १९६० साली आयएस १३४३ ही मानक संहिता आली.

मात्र ज्या तारेने हे साधले, तिच्यातच धोका दडलेला होता. साध्या सळईला गंज चढला की ती फुगते, काँक्रीटचे ढलपे निघतात आणि इशारा मिळतो. पुलाच्या केबलमधील बारीक तारा मात्र कायम प्रचंड ताणाखाली असतात आणि नळीत बंद असतात. नळीत सिमेंटचा रस नीट भरला गेला नाही, तर पोकळीत ओल व खारे क्षार साचतात. तारा आतल्या आत तुटत जातात आणि बाहेर फारसे काही दिसत नाही.

ठाणे खाडीवरील १९७३ सालच्या वाशी पुलातही केबलना गंज लागला; तेथे काँक्रीटबाहेरून नव्या केबल ताणून पुलाला बळ देण्यात आले. अशा केबल पाहता येतात, तपासता येतात आणि गरज पडल्यास बदलताही येतात.

मांडवीवर पुढे नवे पूल उभे राहिले. त्यांपैकी जानेवारी २०१९ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूचा मधला भाग तिरक्या केबलनी तोलून धरलेला आहे आणि त्या केबल पणजीच्या किनाऱ्यावरून सहज दिसतात. जुन्या पुलाला तोलणारे पोलाद मात्र अखेरपर्यंत काँक्रीटच्या आड राहिले.