घरच्या कॉम्प्युटरला नेट लागंना? तक्रार करायच्या आधी बिघाड नेमका कुठं आहे ते बघा

सोलापूर : अर्जाची शेवटची तारीख उद्यावर आली की आजच घरातलं नेट बंद पडतं, असा अनुभव जिल्ह्यातल्या अनेक घरांत येतो. पूर्वी नेट गेलं तर पिक्चर थांबायचा, एवढंच. आता पोरांची शिष्यवृत्ती, पीक विमा, सातबारा, फेरफार हे सगळं त्यावरच चालतं. अकरावीचा प्रवेशसुद्धा २०२५-२६ पासून अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाला. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांपुरती होती. करमाळा, सांगोला, अक्कलकोटच्या पोरांनी कॉलेजात जाऊन कागद दिले की काम व्हायचं.

नेट गेल्यावर घाबरून केलेल्या उपायांनीच जास्त नुकसान होतं. कुणी राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून बटण दाबतं, कुणी कॉम्प्युटर उचलून तालुक्याला नेतं आणि विंडोज नव्याने टाकून आणतं. घरी येऊन बघावं तर नेट बंदच, कारण बिघाड कॉम्प्युटरमध्ये नव्हताच. गावाबाहेर जेसीबीने वायर तोडलेली असते.

कॉम्प्युटरपासून संकेतस्थळापर्यंत चार टप्पे आहेत : कॉम्प्युटर, राउटर, बाहेरची लाईन आणि पलीकडचं संकेतस्थळ. यातला कुठला टप्पा तुटलाय, ते घरातल्या मोबाइलवरून पाच मिनिटांत कळतं.

आधी मोबाइलवर तपासा

मोबाइल घरच्या वायफायला जोडा. मग त्यातला मोबाइल डेटा बंद करा. हे दुसरं काम बहुतेक जण विसरतात आणि तिथंच फसतात. वायफाय नुसतं जोडलेलं दिसतं, त्यात नेट नसतं, आणि फोन गुपचूप सिमकार्डाचं नेट वापरून व्हॉट्सअॅप चालू ठेवतो. घरच्यांना वाटतं वायफाय चांगलं आहे, कॉम्प्युटरच बिघडला.

डेटा बंद ठेवून वायफायवर दोन-तीन वेगवेगळी संकेतस्थळं उघडा. उघडली तर लाईन आणि राउटर ठीक आहेत, दोष कॉम्प्युटरकडं आहे. एकही उघडलं नाही तर कॉम्प्युटरला हात लावायची गरज नाही, राउटरकडं जा. बाकी सगळं उघडतंय आणि फक्त अर्जाचंच पान उघडंना, तर वायफाय बंद करून तेच पान सिमच्या नेटवर उघडून बघा. तिथंही अडलं तर बिघाड तुमच्या घरात नाही.

हे असं घडतंही. २१ मे २०२५ ला अकरावीची नोंदणी सुरू व्हायची होती, त्या दिवशी संकेतस्थळच ठप्प झालं आणि नोंदणी २६ मेपासून घ्यावी लागली. त्या दिवशी राउटर दहा वेळा बंद-चालू करूनही काही उपयोग नव्हता. अशा वेळी चुकीचा संदेश दिसणाऱ्या पानाचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट काढून ठेवावा आणि रात्री उशिरा किंवा पहाटे पुन्हा प्रयत्न करावा. पैसे कापले गेले पण पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नये. बँकेचा मेसेज आणि अर्जाची स्थिती आधी तपासावी.

राउटरचे दिवे काय सांगतात

हल्ली बऱ्याच गावांत फायबरचं नेट आहे. घरातल्या डबीवर चार-पाच बारीक दिवे असतात आणि त्यांच्याखाली इंग्रजी अक्षरं असतात. त्यातले दोन ओळखता आले तरी पुष्कळ झालं. ‘पॉन’ नावाचा दिवा हिरवा आणि स्थिर असेल तर बाहेरून प्रकाश नीट येतोय. ‘लॉस’ नावाचा दिवा लाल झाला किंवा लाल मिचकायला लागला, तर प्रकाश तुमच्या डबीपर्यंत पोचत नाही. म्हणजे वायर कुठंतरी तुटली, दुमडली किंवा निसटली आहे, नाहीतर ज्या ठिकाणाहून गावाला नेट येतं तिथलं यंत्र बंद आहे. गावात लाईट नसताना तुमच्याकडं इन्व्हर्टर असला आणि तिकडच्या यंत्राला बॅटरी नसली, तरी लाल दिवा लागतो. अशा वेळी लाईट येईपर्यंत थांबलेलंच बरं.

लाल दिवा दिसला की डबीत जाणारी बारीक, बहुतेक वेळा पिवळी वायर बघा. आत काचेचा केसासारखा तंतू असतो. खुर्चीच्या पायाखाली दबली, खिळ्याला गुंडाळली, दारात चेपली की प्रकाश अडतो. वायरीचं वेटोळं मोठं ठेवावं, कडक दुमड नको. टोक निघालं असेल तर हलकेच टक आवाज येईपर्यंत बसवा. मात्र सुटलेल्या टोकात डोळा लावून कधीही बघू नका. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. वायरीचे तुकडे चिकटपट्टीने जोडायचा उद्योगही वाया जातो. काचेचा तंतू यंत्रावरच जोडावा लागतो.

बाहेर वायर तुटायची कारणं आपल्याकडं ठरलेली. ऊस गळीत हंगामात उंच भरलेल्या ट्रॉलीत खांबावरून गेलेली वायर अडकते. रस्त्याचं किंवा पाइपलाइनचं काम निघालं की जमिनीखालची वायर जेसीबीच्या तोंडी जाते. खोदणाऱ्याने आधी कळवावं म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं अॅप काढलं. ग्रामपंचायतीचं काम काढणाऱ्या ठेकेदाराला त्याची आठवण करून द्यायला हरकत नाही.

पॉन हिरवा आहे आणि तरी नेट नाही, तर डबीचं बटण बंद करा, एक मिनिट थांबा, चालू करा आणि चार-पाच मिनिटं वाट बघा. बटण लगेच बंद-चालू करण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात डबी तापते, तेव्हा ती कपाटावरून काढून खाली, मोकळ्या हवेत ठेवावी. प्लॅनची मुदत संपली आहे का, हेही बघून घ्या. पॉन हिरवा आणि नेट गायब, याचं ते नेहमीचं कारण आहे.

टाचणीने दाबायचं ‘रीसेट’ बटण मात्र सोडा. ते दाबलं की नेटवाल्याने भरलेलं तुमचं युजरनेम, पासवर्ड आणि इतर सेटिंग पुसली जाऊ शकते. मग वायर चांगली असूनही माणूस घरी येईपर्यंत नेट सुरू होत नाही.

एकही दिवा लागंना, तर आधी अॅडॉप्टरवर संशय घ्या. वळवाच्या पावसात विजा चमकल्या की तोच पहिला जातो. काचेच्या तंतूतून वीज येत नाही, पण लाईटच्या बोर्डातून येते. म्हणून आभाळ गडगडायला लागलं की पिन बोर्डातून काढावी आणि डबीतून कॉम्प्युटरला गेलेली केबलही काढावी. नवा अॅडॉप्टर घेताना जुना सोबत न्या. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात.

दोष कॉम्प्युटरचाच निघाला तर

केबलने जोडलेला कॉम्प्युटर असेल तर मागे केबल बसते तिथं बारीक दिवा लुकलुकतो का, ते पाहा. नसेल तर केबल दोन्ही टोकांना काढून घाला, राउटरच्या दुसऱ्या भोकात लावून बघा. उंदरांनी कुरतडलेली केबल वरून साबूत दिसते, तेव्हा शेजाऱ्याची चांगली केबल लावून बघणं हाच खात्रीचा उपाय. वायफायवर असेल तर विमानाचं चिन्ह चुकून चालू झालंय का बघा. जुन्या लॅपटॉपला पाच गिगाहर्ट्झचं वायफाय दिसतच नाही. नवा राउटर बसवल्यावर मोबाइलला नेट आणि लॅपटॉपला नाही, असं झालं तर २.४ गिगाहर्ट्झचं नाव निवडावं.

यानंतरचं कारण साधं आहे, पण भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही : तारीख. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक गोल सेल असतो. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. काही वर्षांनी तो संपतो. मग रोज लाईट गेली की कॉम्प्युटरची तारीख दहा-पंधरा वर्षं मागे जाते. बँकेच्या, सरकारी अर्जाच्या सुरक्षित संकेतस्थळांना ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र असतं. कॉम्प्युटरच्या हिशेबाने ती मुदत अजून सुरूच झालेली नसते, म्हणून तो पान उघडू देत नाही. क्रोममध्ये ‘तुमचं घड्याळ मागे आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो, लोक तो न वाचता बंद करतात आणि ‘नेट नाही’ म्हणतात.

उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळावर माउसचं उजवं बटण दाबा, तारीख-वेळ दुरुस्त करा आणि टाइम झोन मुंबई-नवी दिल्लीचा, म्हणजे साडेपाच तासांचा आहे याची खात्री करा. दुसऱ्या दिवशी तारीख परत मागे गेली तर सेल बदला. ‘सीआर २०३२’ असं त्यावर लिहिलेलं असतं. तीन व्होल्टचा हा सेल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतो. कॉम्प्युटरची पिन काढूनच तो बदलावा.

तारीख बरोबर आहे आणि तरी अडलंय? विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, ‘सीएमडी’ टाइप करून एंटर मारा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजीत, मधे जागा न सोडता लिहा. ‘आयपीव्ही४ अॅड्रेस’ असं लिहिलेल्या ओळीतला आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने कॉम्प्युटरला पत्ताच दिलेला नाही. अशा वेळी केबल किंवा वायफाय तोडून पुन्हा जोडा आणि राउटर एकदा बंद-चालू करा. आकडा १९२.१६८ असा असेल तर ‘पिंग’, एक जागा, आणि ८.८.८.८ असं इंग्रजीत लिहा. उत्तरात ‘रिप्लाय’ आलं पण पानं उघडत नसली, तर नेट आहे, फक्त संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडा शोधून देणारी यंत्रणा चालत नाही. तिला डीएनएस म्हणतात. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरले की बहुतेक वेळा काम होतं.

विंडोज ७ वापरणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. तिची मदत कंपनीने जानेवारी २०२० मध्ये थांबवली आणि क्रोमनेही २०२३ पासून तिला नवे अपडेट देणं बंद केलं. त्यामुळं काही संकेतस्थळं अर्धवट उघडतात, बटणं चालत नाहीत. तो नेटचा दोष नव्हे. तेवढा अर्ज मोबाइलवरच्या क्रोममध्ये ‘डेस्कटॉप साइट’ निवडून भरता येतो का, ते पाहावं.

मोबाइलच्या नेटवर कॉम्प्युटर चालवताना

वाड्या-वस्त्यांवर फायबर नाही, तिथं हॉटस्पॉटच चालतो. दिवसाचा डेटा संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. नेट चालू दिसतं, व्हॉट्सअॅपचा मजकूर जातो, पण फोटो आणि सही अपलोड करताना चक्र नुसतं फिरत राहतं. हा डेटा संपवणारा बहुतेक वेळा कॉम्प्युटरच असतो. हॉटस्पॉट मिळाला की विंडोज आपले अपडेट ओढायला लागतं. वायफायच्या त्या नावाच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू केलं की हे ओढणं बरंच थांबतं.

डेस्कटॉपला वायफाय नसेल तर मोबाइल केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावं. जोडूनही काही होईना, तर केबल बदला. काही स्वस्त केबली फक्त चार्जिंगच्या असतात. आषाढी-कार्तिकीला पंढरपूर परिसरात लाखो मोबाइल एकाच वेळी टॉवरवर येतात, तेव्हा कॉम्प्युटरला दोष देऊ नये. महत्त्वाचं काम वारीच्या आधी नाहीतर पहाटे उरकावं.

तक्रार करताना

एवढं करूनही नेट आलं नाही तर तक्रार करायची, पण नंबर गुगलवर शोधून नव्हे. कस्टमर केअरच्या नावाने खोटे नंबर टाकून बसलेले भामटे याच घाईची वाट बघत असतात. ‘नेट सुरू करून देतो, हे अॅप टाका’ म्हणून एनीडेस्कसारखं अॅप घ्यायला लावतात. ते टाकून नऊ आकडी किंवा दहा आकडी कोड सांगितला की तुमचा स्क्रीन त्यांच्या हाती जातो, ओटीपीसकट. नंबर बिलावरचा, कंपनीच्या अॅपमधला किंवा कनेक्शन देणाऱ्या माणसाचाच वापरा. बीएसएनएलचा १८००-४४४४ आहे. पैसे गेलेच तर तासभरही न थांबता १९३० वर फोन करा.

नुसतं ‘नेट चालंना’ म्हणण्यापेक्षा ‘लॉसचा दिवा लाल आहे, सकाळी नऊपासून, शेजारच्या दोन घरांचंही गेलंय’ असं सांगितलं तर माणूस योग्य सामान घेऊन येतो. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. दाद लागली नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडं जाताना तोच लागतो.

आणि मुदत आजचीच असेल, तर दुरुस्तीच्या माणसाची वाट बघत घरी बसू नका. कागद पेनड्राइव्हवर घ्या, मोबाइल बरोबर ठेवा, कारण ओटीपी त्यावरच येणार, आणि ग्रामपंचायतीतलं आपले सरकार सेवा केंद्र किंवा जवळचं सीएससी केंद्र गाठा. निघायच्या आधी तिथं फोन करून विचारा. गावाची मुख्य वायर तुटली असेल तर त्यांचंही नेट बंद असतं, मग शेजारच्या गावाला जावं लागतं.