एका शिलिंगाची उचल

इंग्रजीतील 'प्रेस' या क्रियापदाचे दाबणे आणि सक्तीने चाकरीत ओढणे असे दोन अर्थ आहेत, आणि दाबणे व बळजबरी करणे यांत नाते सहज दिसत असल्यामुळे दुसरा अर्थ पहिल्यातूनच निघाला असावा असा समज होतो. वस्तुतः ही दोन निराळ्या कुळांतली क्रियापदे असून उच्चार एक झाल्यामुळे ती एकमेकांत मिसळली आहेत. पहिले 'प्रेमेरे', म्हणजे दाबणे, या लॅटिन क्रियापदाच्या वंशातले असून ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले, आणि द्राक्षांचा रस काढणारा दाबयंत्राचा घाणा, छापखाना, वृत्तपत्रसृष्टी ही सारी त्याचीच संतती होय. दुसऱ्याचे मूळ 'प्राएस्तारे' या लॅटिन क्रियापदात आहे, ज्याचा अर्थ पुढे करणे, पुरवणे, हमी घेणे असा होतो. जुन्या फ्रेंचमध्ये त्याला उसने देणे हा अर्थ आला आणि तेथून 'प्रेस्ट' हे नाम इंग्रजीत उतरले. प्रेस्ट म्हणजे काम सुरू होण्याआधी हातावर ठेवलेली रक्कम. ऊसतोडीच्या हंगामापूर्वी मुकादम टोळीला जी 'उचल' देतो, तिच्याइतका जवळचा प्रतिशब्द मराठीत दुसरा नाही, कारण दोन्हींकडे पैसे घेतले की माणूस कामाला बांधला जातो. याच प्रेस्टपासून बनलेला 'इम्प्रेस्ट' हा शब्द भारतातील सरकारी कचेऱ्यांच्या हिशेबात आजही आहे. किरकोळ खर्चासाठी अधिकाऱ्याजवळ ठेवलेल्या ज्या रकमेला मराठी शासनव्यवहारात स्थायी अग्रधन म्हणतात, ती हीच.

मध्ययुगाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये सैनिक किंवा खलाशी भरती करताना राजाचा अधिकारी त्याला प्रेस्टची रक्कम देई आणि ती स्वीकारल्याने करार पक्का झाला असे मानले जाई. अशी रक्कम देऊन माणूस नोकरीत घेण्याच्या क्रियेला सोळाव्या शतकात 'प्रेस करणे' म्हणू लागले, आणि शेवटचा 'ट' गळून पडल्यावर दाबणे या अर्थाच्या जुन्या क्रियापदाशी त्याचा काहीच भेद उरला नाही. भाषेच्या इतिहासात असे योगायोग पुष्कळ घडतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. येथे मात्र शब्दाचा अर्थ ज्या दिशेने सरकला त्याच दिशेने प्रथाही सरकली, आणि म्हणूनच या क्रियापदाची व्युत्पत्ती हा केवळ कोशकारांचा विषय राहत नाही. सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात लिहिलेल्या शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री' या नाटकाच्या पहिल्या भागात फॉल्स्टाफ हे पात्र राजाने दिलेल्या प्रेसच्या अधिकाराचा गैरवापर केल्याचे स्वतःच सांगते. ऐपतदार माणसांना हेरून, त्यांच्याकडून सुटकेचे पैसे घेऊन, दीडशे सैनिकांच्या बदल्यात त्याने तीनशेहून अधिक पौंड कमावलेले असतात. जो पैसा राजाकडून माणसाकडे जायचा तो आता माणसाकडून अधिकाऱ्याकडे वाहत होता, आणि नाट्यगृहातल्या प्रेक्षकाला हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नव्हती.

हे परिवर्तन सर्वांत जवळून दिसते ते सॅम्युएल पेपिस याच्या रोजनिशीत. पेपिस हा आरमार मंडळाचा लेखनिक, म्हणजे जहाजे, रसद आणि माणसे यांची व्यवस्था पाहणारा वरिष्ठ अधिकारी होता, आणि १६६६ च्या उन्हाळ्यात डच आरमाराशी चाललेल्या युद्धासाठी लंडनमध्ये धरपकड सुरू असताना पकडलेल्यांना जहाजांवर चढवण्याचे काम त्याच्याकडे होते. पकडलेल्यांना द्यायला शहराच्या महापौराकडे पैसेच नव्हते, तेव्हा त्यांची प्रेसची रक्कम आणि जेवणखाण यांसाठी पेपिसने स्वतःच्या खिशातून १५ पौंड काढून दिले. दुसऱ्या दिवशी, १ जुलैला, मध्यरात्रीपर्यंत माणसे लंडनच्या टॉवर या किल्ल्याजवळून रवाना होत होती. त्यांच्या बायका आणलेल्या प्रत्येक जथ्याकडे धावत जाऊन नवऱ्याचा चेहरा शोधत होत्या, सुटणाऱ्या प्रत्येक जहाजाकडे पाहून त्यावर आपलाच माणूस असेल या समजुतीने रडत होत्या आणि चांदण्यात दिसेल तिथवर नजर लावून उभ्या होत्या. पेपिसने ही मोठी जुलूमशाही असल्याची नोंद केली. त्याच्या मनाला लागलेल्या गोष्टींत कष्टकरी, घरसंसार असलेली माणसे अनोळखी लोकांनी अचानक उचलून नेणे ही एक होती. दुसरी अशी की, त्यांना प्रेसची रक्कमही न देता, कायद्याविरुद्ध, जबरदस्तीने धाडले जात होते. त्या अधिकाऱ्याच्या लेखी ती क्षुल्लक रक्कमच कायदेशीर भरती आणि अपहरण यांच्यातली सीमा होती, आणि ती सीमा त्या रात्री पुसली गेली होती.

अठराव्या शतकात ही पद्धत पूर्ण यंत्रणेच्या रूपाला आली. बंदराच्या गावी एखाद्या खानावळीत भरतीचे ठाणे असे, तेथून एका लेफ्टनंटच्या हाताखाली सोटे आणि आखूड तलवारी घेतलेली टोळी बाहेर पडे, आणि पकडलेली माणसे 'टेंडर' नावाच्या लहान जहाजाच्या तळघरात कोंडून ताफ्याकडे नेली जात. कायद्याने समुद्रावर काम करणाऱ्यांनाच पकडण्याची मुभा होती. १७४० च्या कायद्याने १८ वर्षांखालील व ५५ वर्षांवरील माणसांना सूट दिली, आणि ज्यांना सूट असे ते आपले वर्णन लिहिलेला संरक्षणपत्राचा कागद जवळ बाळगत, जरी निकडीच्या वेळी सरकार तोही मानत नसे. या काळातील आरमारी हुकूमनाम्यांत पकडलेल्या प्रत्येक माणसाला प्रेस्टचा एक शिलिंग द्यावा असे वाक्य असे. मूळ करारातले एवढेच अवशेष उरले होते, आणि त्या शिलिंगामुळे बळजबरीला संमतीचे रूप येत होते, हे या प्रथेतले सर्वांत बोचणारे अंग होय.

बळजबरीची गरज का पडे, याचे उत्तर पगारात आहे. आरमारातील कुशल खलाशाचे वेतन १६५३ मध्ये चांद्रमासाला २४ शिलिंग ठरले, आणि १७९७ मध्ये स्पिटहेड येथे ताफ्याने बंड करेपर्यंत ते तेवढेच राहिले. युद्ध सुरू झाले की व्यापारी जहाजांवरचे पगार याच्या दुपटीवरही जात, त्यामुळे जाणता माणूस आपणहून आरमारात फारसा येत नसे. आणि पगार वाढवण्यापेक्षा माणसे पकडणे राज्याला स्वस्त पडे.

न्यायालयांनी मूळ करार कधीच विसरून टाकला होता. १७४३ मध्ये ब्रिस्टलमध्ये अलेक्झांडर ब्रॉडफूट या खलाशाने धरायला आलेल्या टोळीतील एकाला गोळी घातली, तेव्हा न्यायाधीश मायकेल फॉस्टर याने टोळीबरोबर अधिकारी हजर नसल्यामुळे ती पकड बेकायदा ठरवून आरोप सौम्य केला. परंतु त्याच निकालात, ही सत्ता पुरातन वहिवाटीने राजाकडे आलेली आहे असेही त्याने ठासून मांडले. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७५२ मध्ये विलक्षण रूढींवर लिहिलेल्या निबंधात स्वातंत्र्याचा अभिमान बाळगणाऱ्या देशातील या विसंगतीवर बोट ठेवले होते.

बरीचशी पकड समुद्रावरच होई. मायदेशी परतणाऱ्या व्यापारी जहाजांवरून खलाशी उतरवून घेतले जात आणि ईस्ट इंडिया कंपनीची जहाजेही त्यातून सुटत नसत. या धरपकडीने आशियाई समुद्रांत पडलेली उणीव भारतीय खलाशांनी, म्हणजे ज्यांना इंग्रज 'लास्कर' म्हणत त्यांनी, भरून काढली. इंग्लिश जहाजावर तीन चतुर्थांश माणसे ब्रिटिश असावीत हा नियम त्यासाठी युद्धकाळात शिथिल करावा लागे. मुंबईहून जाणाऱ्या लास्करांत कोकण किनाऱ्यावरचे दर्यावर्दी असत, आणि सारंगामार्फत, म्हणजे खलाशांच्या म्होरक्यामार्फत, होणाऱ्या त्यांच्या भरतीतही आगाऊ रकमेचे कर्ज हाच बांधून घेण्याचा दोर होता.

अमेरिकेत हा प्रश्न थेट युद्धापर्यंत गेला. १७४७ मध्ये बॉस्टनमध्ये धरपकडीविरुद्ध तीन दिवस दंगल झाली. जून १८०७ मध्ये 'लेपर्ड' या ब्रिटिश युद्धनौकेने 'चेसापीक' या अमेरिकी नौकेवर तोफा डागून चार जण उतरवून नेले, आणि ब्रिटन व अमेरिका यांच्यातील १८१२ च्या युद्धाच्या कारणांत खलाशांची पकड अग्रभागी होती. तरीही ते युद्ध मिटवणाऱ्या डिसेंबर १८१४ च्या गेंटच्या तहात तिचा उल्लेखही आला नाही.

१८१५ नंतर या अधिकाराचा वापर थांबला, पण तो रद्द करणारा कायदा झाला नाही. १८३५ च्या कायद्याने पकडलेल्या माणसाला पाच वर्षांहून अधिक काळ ठेवू नये एवढीच मर्यादा घातली. पकडीची गरज प्रत्यक्षात संपवली ती १८५३ मध्ये सुरू झालेल्या सलग सेवेच्या योजनेने, जिच्यात वयाच्या अठराव्या वर्षापासून दहा वर्षांचा करार करणाऱ्या खलाशाला वाढीव पगार आणि पुढे निवृत्तिवेतनाचा हक्क मिळू लागला.