स्वयंचलित अनुकरण

दुसऱ्याची हालचाल नुसती पाहिली तरी तशीच हालचाल करण्याकडे शरीराचा नकळत होणारा ओढा. मुद्दाम केलेल्या नकलेहून हा प्रकार वेगळा. येथे पाहणाऱ्याला अनुकरण करायचे नसते. दोरावर तोल सावरणाऱ्या कसरतपटूकडे पाहताना खालची गर्दीही अंग मुरडते, हे ॲडम स्मिथने १७५९ मध्येच टिपले होते. 

मार्सेल ब्रास व सहकाऱ्यांचा २००० सालचा प्रयोग दिसायला पोरखेळ वाटतो. पडद्यावर एक हात दिसतो. १ हा आकडा आला की आपली तर्जनी उचलायची, २ आला की मधले बोट; हाताकडे लक्ष द्यायचेच नाही. तरीही त्या हाताने तेच बोट उचलले, तर आपले बोट चटकन उठते. दुसरे उचलले, तर रेंगाळते. फरक सेकंदाच्या लहानशा अंशाचा, पण हटकून सापडणारा.

याचे श्रेय सहसा ‘आरसा चेतापेशीं’ना दिले जाते. इटलीतील पार्मा येथे जाकोमो रिझोलाती यांच्या गटाला या पेशी माकडाच्या मेंदूत आढळल्या (१९९२). माकडाने स्वतः वस्तू उचलली तरी त्या उद्दीपित होत आणि माणसाला उचलताना पाहिले तरीही. नाव झकास, पण फसवे. आरसा काही शिकत नाही. ही यंत्रणा मात्र शिकते. २००७ मध्ये कॅरोलीन कॅटमर, व्हिन्सेंट वॉल्श व सेसिलिया हेज यांनी काही जणांकडून उलटा सराव करून घेतला: समोरची तर्जनी हलली की आपली करंगळी हलवायची, करंगळी हलली की तर्जनी. मग मेंदूला चुंबकीय स्पंद देऊन स्नायूंचा प्रतिसाद मोजला, तेव्हा परकी करंगळी पाहताना तर्जनीचाच स्नायू अधिक सज्ज झालेला दिसला. पाहणे आणि करणे यांची गाठ बरीचशी सवयीने पडते, असे हेज यांचे म्हणणे. बॅले आणि कापोएरा (ब्राझीलची नृत्यासारखी युद्धकला) करणाऱ्यांच्या मेंदूचा अभ्यासही (२००५) त्याच्याशी जुळतो: आपल्या शैलीचा नाच पाहताना त्यांच्या मेंदूतील हालचालींशी निगडित भाग अधिक सक्रिय होत.

एरवी हा ओढा दाबला जातो. फ्रेंच चेतावैद्य फ्रान्स्वा लेर्मित यांचे, मेंदूच्या पुढच्या खंडाला इजा झालेले रुग्ण डॉक्टरांचे हावभाव कोणी न सांगताही करू लागत. धडधाकट माणसाचाही लगाम सुटतोच. दगड-कागद-कात्री खेळताना दोघांचे डोळे बांधलेले असण्यापेक्षा एकाचे उघडे असतील, तर बरोबरी जास्त वेळा होते. पाहणारा जिंकायच्या नादात समोरच्याचीच खूण करून बसतो.