४२९ कोटी पत्ते का पुरले नाहीत?

पत्र पोचायचे तर घराला पत्ता हवा, आणि तो दुसऱ्या कोणाचा असता कामा नये. इंटरनेटचेही तसेच आहे. जाळ्यात थेट जोडलेल्या प्रत्येक संगणकाला एक अंकीय पत्ता लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीचे असे एकूण ४२९ कोटींहून अधिक पत्ते आहेत. तरीही २०१९ पासून आशिया-पॅसिफिक विभागात नव्या पुरवठादाराला त्यांतले जास्तीत जास्त ५१२ मिळतील, असे ठरले. हा दुष्काळ पडला कसा, आणि लहान पुरवठादारांनी त्यात दिवस कसे काढले, ते आपण पाहू.

सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या दस्तऐवजात या पत्त्याची रचना पक्की झाली. पत्ता द्विमान पद्धतीतील ३२ अंकांचा. प्रत्येक जागी ० किंवा १ येऊ शकतो; म्हणून एकूण पत्ते २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. आपल्या सोयीसाठी तो १९२.१६८.१.१ असा चार संख्यांत लिहितात. जाळे प्रायोगिक आहे अशीच त्या वेळची समजूत होती, असे या रचनेचे एक जनक व्हिंट सर्फ यांनी पुढे अनेकदा सांगितले. प्रयोगापुरते ४२९ कोटी म्हणजे अपार धन होते.

खरी चूक झाली ती वाटपात. पत्त्यांचे गट तीनच मापांचे होते. ‘अ’ वर्गाच्या एका गटात १,६७,७७,२१६ पत्ते, ‘ब’ वर्गात ६५,५३६ आणि ‘क’ वर्गात अवघे २५६. सर्व पत्त्यांपैकी निम्मे ‘अ’ वर्गाच्या जेमतेम सव्वाशे गटांसाठी ठेवलेले होते. अमेरिकेतील एमआयटी या एका संस्थेला त्यांतला एक अख्खा गट मिळाला. दोन हजार संगणकांच्या विद्यापीठाला ‘क’ गट अपुरा, म्हणून ते ‘ब’ गट घेई, आणि साठ हजारांवर पत्ते पडून राहत. वाण्याकडे पायली आणि चिमटा एवढीच मापे असावीत, तशातला हा प्रकार.

१९९० च्या सुमारास ‘ब’ गट संपत आल्याचे ध्यानात आले. १९९३ मध्ये ठराविक वर्ग सोडून गरजेइतक्याच आकाराचे गट देण्याची पद्धत आली. १९९४ मध्ये एगेव्हांग आणि फ्रान्सिस यांनी ‘नॅट’ म्हणजे पत्ताबदलाची युक्ती मांडली. कचेरीतील टेलिफोन बोर्ड आठवा. आत पन्नास एक्स्टेन्शन असतात, बाहेर क्रमांक एकच. नॅट हेच काम करते. आतल्या वापरासाठी काही पत्ते कायमचे राखून ठेवले गेले. १० ने किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. ते कोणीही, कितीही ठिकाणी वापरू शकतो, पण बाहेरच्या जाळ्यात ते चालत नाहीत.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. खाजगी पुरवठादारांना दार उघडले ते नोव्हेंबर १९९८ मध्ये. तोवर मोठी मापे उठून गेली होती. त्यामुळे काटकसर हा लहान पुरवठादाराचा रोजचा धर्म झाला. टेलिफोनवरून जोडणी घेणाऱ्या ग्राहकाला कायमचा पत्ता मिळत नसे. पत्ता मोडेमला असे. समजा एका मोडेममागे दहा ग्राहक धरले, तर २५० पत्त्यांवर अडीच हजार ग्राहक सांभाळता येत, कारण सगळे एकाच वेळी येत नसत. ज्या कंपनीला स्वतंत्र तार हवी, तिच्या दोन टोकांसाठी मात्र चार पत्ते खर्ची पडत. गटातला पहिला गटाची ओळख म्हणून आणि शेवटचा सर्वांना एकदम संदेश देण्यासाठी राखीव. कामाचे उरत दोन. डिसेंबर २००० मध्ये अशा तारेला दोनच पत्ते पुरतील असा नियम झाला, यावरून टंचाई किती बारीक पातळीवर पोचली होती ते कळते.

अखेर ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे पाच मोठे गट वाटले गेले. १५ एप्रिलला आपल्या विभागाचा साठाही तळाला लागला आणि रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने दिवाळखोर नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरना विकत घेतले. एकेकाळी मागताच मिळणाऱ्या आकड्यांना आता भाव आला.

आता ब्रॉडबँड जोडणी चोवीस तास चालू असते, त्यामुळे मोडेमच्या काळातील हिशोब चालत नाही. ५१२ पैकी १२ पत्ते स्वतःच्या यंत्रांना लागले आणि ग्राहक दहा हजार असले, तर एका पत्त्यामागे वीस ग्राहक येतात. त्यांना वेगळे ओळखायचे ते पोर्ट क्रमांकावरून. पत्त्यासोबत लिहिला जाणारा हा क्रमांक चाळीतल्या खोलीच्या नंबरासारखा असतो. एका पत्त्यावर पोर्ट ६५,५३६. सुरुवातीचे १,०२४ सोडले, तर प्रत्येक ग्राहकाच्या वाट्याला सुमारे ३,२०० येतात. एक वेबपान उघडतानाही अनेक जोडण्या होतात. त्यामुळे पुरवठादाराला हे वाटप डोळ्यांत तेल घालून करावे लागते. एका ग्राहकाने आगळीक केली आणि कोणी तो पत्ता बंद केला, की उरलेले एकोणीसही अडतात. गुन्ह्याच्या तपासात नुसता पत्ता पुरत नाही. पोर्ट आणि नेमकी वेळही लागते.

पण मोठे नुकसान वेगळेच आहे. समजा, एखाद्या शाळेच्या मुलांनी पर्जन्यमापक संगणकाला जोडला आणि त्याचे आकडे तालुक्यातील इतर शाळांना थेट पाहू द्यायचे ठरवले. त्यांचा संगणक बाहेर जाऊ शकतो, पण बाहेरून त्याच्यापर्यंत कोणी पोचू शकत नाही. बोर्डावर त्याचा स्वतंत्र क्रमांकच नाही. एक तर ‘स्टॅटिक आयपी’साठी जादा पैसे भरा, नाहीतर आकडे एखाद्या मोठ्या कंपनीच्या संगणकावर नेऊन ठेवा. मूळ रचनेत प्रत्येक संगणक बोलणारा होता आणि ऐकणाराही. टंचाईने बहुतेकांना केवळ गिऱ्हाईक केले.

उपाय १९९५ मध्येच लिहून झाला होता. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्ता १२८ द्विमान अंकांचा. एकूण पत्त्यांची संख्या लिहायला ३९ आकडे लागतात. परंतु जुना पत्ता असलेल्या संगणकाशी नवा संगणक थेट बोलू शकत नाही. आधी बदलणाऱ्याला खर्च आणि थांबणाऱ्याला फायदा, त्यामुळे जो तो दुसऱ्याची वाट पाहत राहिला. २०१६ नंतर मोबाइल जाळ्यांमुळे भारत याबाबतीत पुढे आला आणि येथील निम्म्याहून अधिक वापरकर्त्यांना नवा पत्ता मिळू लागला. मात्र जुने संपर्क तुटू नयेत म्हणून लहान पुरवठादाराला दोन्ही संसार सांभाळावे लागतात.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. शाळेच्या राउटरच्या सेटिंगमध्ये त्याला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता पाहावा. तो १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या जोडीने सुरू होत असेल, तर पुरवठादाराकडेही एक बोर्ड आहे आणि आपण त्यावरचे एक्स्टेन्शन आहोत, असे समजावे. १००.६४ पासूनचा हा गट २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. मग विद्यार्थ्यांना विचारावे: वाटप सुरुवातीपासून नीट झाले असते, तर हे पत्ते पुरले असते का? उत्तर ‘नाही’ असेच येईल, कारण माणसे आज आठशे कोटींवर आहेत. पण टंचाईची झळ कोणाला आधी लागली असती, याचे उत्तर मात्र नक्कीच बदलले असते.