काठावरचा तालुका

समुद्र पाहायचा तर आमच्या अंथुर्ण्याच्या माणसाला घाट उतरून कोकणातच जावं लागतं. पण आमचा इंदापूर तालुका नकाशावर पाहा: वरच्या अंगाला आणि पूर्वेला भीमा, खाली नीरा, आणि नीरा नरसिंहपूरला दोघींचा संगम. तिथंच पुणे जिल्हा संपतो. कोकणासारखा नसला तरी आम्हालाही काठ आहे, आणि त्यातला बराचसा माणसांनी केलेला आहे.

आमच्या आबांच्या गोष्टी त्या पाण्याच्याच. इंदापुरात मालोजीराजे लढताना पडले, हे ते एका वाक्यात उरकायचे. कालव्यावर आले की मात्र तंबाखूची पिशवी सोडून नीट मांडी घालायचे. ‘‘आमच्या आज्याच्या येळंला हितं निस्ता माळ. बाजरी आली तर आली.’’ 1876-77चा दुष्काळ त्यांनी पाहिला नव्हता, पण सांगायचे असे की कालपरवाचा वाटावा. त्यानंतर सरकारने नीरा डावा कालवा काढला. 1885च्या सुमारास पाणी खेळू लागलं. वर भाटघरला धरण झालं. पुढं ऊस आला, पैसा आला आणि पाण्याची पाळीही आली. पाळी आली की रात्री-अपरात्री दारं धरायला जायचं. खांद्यावर खोरं, हातात कंदील. सरी भरली की चिखलाचा थापा टाकून तिचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. पोरवयात मीही आबांबरोबर उभा राहिलोय. पाय गारठतात आणि झोप उभ्याउभ्या लागते. ‘‘पाण्यापायी सख्खे भाऊ कोर्टात गेलं,’’ असं आबा सांगायचे, पण कुणाचे भाऊ ते सांगत नसत.

समुद्राशी आमचा खरा धागा जुळला तो वालचंदनगरमुळे. 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघालेलं ‘एसएस लॉयल्टी’ हे जहाज वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीचं. विशाखापट्टणमला त्यांनीच जहाजबांधणीचा कारखाना सुरू केला. तिथं बांधलेली ‘जलउषा’ 1948 साली पाण्यात उतरली. त्याच माणसाने आमच्या शेजारी कळंबच्या माळावर साखर कारखाना आणि अख्खं गाव वसवलं. आबा तरुणपणी तिथं मजुरीला होते. ‘‘शेठची जहाजं इलायतेला जात्यात,’’ हे ते अशा थाटात सांगायचे, जणू शिडाची दोरी यांच्याच हातात होती. जहाज वाफेवर चालतं, हे त्यांना सांगायची माझी कधी हिंमत झाली नाही.

आजीचं माहेर पळसदेव. उजनी धरणाचं पाणी चढलं तसं गाव उठून सोलापूर रस्त्याला आलं. 1980 साली धरण पुरं झालं. जुनं पळसनाथाचं देऊळ पाण्यात गेलं. 2013च्या उन्हाळ्यात पाणी आटलं आणि देऊळ उघडं पडलं. माणसं फोटो काढायला लोटली. आजी देवळात गेली, हात जोडले, आणि मग चिखलाच्या भेगांतून चालत वेस कुठं होती, तिचं घर कुठं होतं हे काठीने दाखवत राहिली. दगडही जागेवर नव्हते, तरी ती अडखळली नाही. आज थंडीत कुंभारगावला रोहित पक्षी पाहायला होड्या निघतात. पाहावेत, सुंदरच असतात. फक्त त्यांच्या पायाखाली कुणाची तरी काळी रानं आहेत, हे होडीवाल्याला विचारलं तर तोही सांगेल. याच पाण्यात मे 2024मध्ये कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. काठ म्हटला की हेही आलंच.

आषाढात तुकोबांची पालखी आमच्याच रस्त्याने जाते. अलीकडे बेलवाडीला गोल रिंगण, पुढं सराटीला पादुकांना नीरास्नान, मग सोलापूर जिल्हा. आबा माळकरी. उजनीत मासे मुबलक झाले, भिगवणला बाजार भरू लागला, पण आमच्या चुलीवर मासा कधी चढला नाही. मी भिगवणला थांबलो की चिलापीचा रस्सा मागवतो. घरी मात्र सांगत नाही.