पावसाळा, पागा आणि पितळेची पुंगळी

कल्हई उडाली कीं पितळ उघडें पडतें आणि त्यांत ठेवलेलें ताक कळकतें, हा अनुभव आपल्या आजीच्या पिढीला घरोघर होता. आज मला बोलावयाचें आहे तें मात्र स्वयंपाकघरांतल्या पितळेविषयीं नव्हे, तर बंदुकीच्या काडतुसाच्या पितळेविषयीं. विषय आडवाटेचा वाटेल. पण पुण्याला तो परका नाहीं. ज्या खडकीच्या परिसरांत ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं पेशव्यांच्या फौजेची इंग्रजांशीं गांठ पडली, त्याच खडकींत १८६९ सालीं काडतुसांचा कारखाना निघाला, आणि तो अद्यापि चालू आहे.

काडतुसाचे भाग चार : गोळी, दारू, ठिणगी पाडणारी टोपी, आणि या सर्वांना एकत्र धरणारी पुंगळी. १८५७ सालच्या शिपायाच्या हातीं होती ती पुंगळी कागदाची. त्या कागदाच्या चरबीवरून काय रामायण घडलें, तें सांगावयास नकोच. पुढें पितळ आलें. १०० भागांत ७० भाग तांबें व ३० भाग जस्त, असें त्याचें प्रमाण ठरलें. बार उडतांच पुंगळी क्षणभर फुगते, बंदुकीच्या घराला घट्ट चिकटते आणि तप्त वायूला मागें येऊं देत नाहीं; लगेच किंचित् आक्रसून मोकळी होते. तीच जर चिरलेली असेल, तर तो वायु नेम धरणाऱ्या माणसाच्या तोंडावर येऊं शकतो. शिपायाचा डोळा त्या पातळ पितळेच्या भरंवशावर असतो.

हिंदुस्थानांतील ब्रिटिश फौजेला नेमका हाच घोर लागला. पावसाळ्यांत सांठवून ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना चिरा पडूं लागल्या. एकदांहि न उडवलेलीं, कोरीं काडतुसें! धातु झिजलेला नाहीं, बाकीची पुंगळी ठाकठीक, आणि मध्येंच तडा. या रोगाला इंग्रजींत ‘सीझन क्रॅकिंग’ असें नांव रूढ झालें. आपण त्याला ऋतूचे तडे म्हणूं. पावसाला दोष देणें सोपें होतें. पण नुसत्या पाण्यानें पितळ तडकत असतें, तर आपल्या घरांतल्या कळशा पहिल्याच मृगांत फुटून गेल्या असत्या.

खरी मेख सांठवणीच्या जागेंत होती. काडतुसांच्या पेट्या घोड्यांच्या पागांत ठेवलेल्या असत. घोड्यांचें मूत्र कुजून त्यांतून अमोनिया वायु निघतो. कल्हईवाल्यानें तापल्या भांड्यांत नवसागर टाकला कीं नाकाला जें झोंबतें, तें याच जातीचें. त्यांत पावसाळ्याची ओल मिळाली. या सर्वाचा पद्धतशीर उलगडा इंग्लंडांत वुलिच येथें झालेल्या संशोधनावरून मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनीं १९२१ सालीं प्रसिद्ध केला.

परंतु अमोनिया हा अर्धाच अपराधी. दुसरा अर्धा कारखान्यांतूनच पुंगळीच्या अंगांत बसून आलेला असतो. तांबट आळींत उभें राहून पाहिलें, तर हा दुसरा भाग ध्यानीं येतो. पत्रा ठोकून ठोकून कठीण होतो. मग तांबट त्याला पुन्हां भट्टींत घालतो, मऊ करतो आणि पुन्हां ठोकतो. काडतुसाचा कारखाना तरी निराळें काय करतो? पितळेच्या चकतीची वाटी करावयाची, ती साच्यांतून ओढून लांबवावयाची, मध्येंमध्यें भट्टी द्यावयाची. मात्र शेवटचा हात थंड धातूवरच फिरतो, कारण पुंगळीचें बूड कठीण हवें असतें. त्या शेवटच्या ओढाताणीचा ताण धातूच्या आंत कोंडून राहतो. बाहेरून कांहीं दिसत नाहीं. अमोनिया, ओल व हवा एकत्र आलीं कीं धातूच्या कणांच्या सांध्यांतील तांबें विरघळूं लागतें. तेथें बारीक चीर पडते, आंतला ताण ती ओढून उघडतो, उघड्या जागीं अमोनिया पुन्हां शिरतो. दोघांपैकीं एक नसेल, तर दुसऱ्याच्यानें हें काम होत नाहीं. शुद्ध तांब्याला ही व्याधि सहसा जडत नाहीं; जस्ताचें प्रमाण वाढेल तशी ती बळावते.

म्हणून उपायहि दुहेरी निघाला. तयार पुंगळीला सुमारें २५० ते ३०० अंश सेंटिग्रेडची सौम्य आंच दिली, म्हणजे कठीणपणा फारसा न जातां ताण उतरतो. कथील २३२ अंशांवर वितळतें. तेव्हां दरवर्षीं कल्हई लावून घेणाऱ्या आपल्या आज्यापणज्या भांड्यांचा ताणहि नकळत उतरवून घेत होत्या, असें मला वाटतें. पुंगळीच्या तोंडाला याहून अधिक आंच देतात. लष्करी काडतुसाच्या मानेवर जी निळसर झांक दिसते, ती त्याचीच खूण, डाग नव्हे. नमुन्याच्या पुंगळ्या पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवून पाहण्याचीहि रीत आहे. ताण उरला असेल, तर अर्ध्या तासाच्या आंत तडा दिसतो, आणि सगळा घाणा पुन्हां भट्टीकडे जातो.

नेमबाजीचे कांहीं शोकीन, विशेषतः परदेशांत, रिकाम्या पुंगळ्या जपून पुन्हां भरतात. आपल्याकडे परवान्याखेरीज या वाटेस जातां येत नाहीं. चार भागांपैकीं पुन्हां वापरतां येतो तो एवढाच. पण प्रत्येक बारास मान फुगते व पुन्हां दाबून बसवावी लागते, म्हणजे ताण नव्यानें भरतो. अशी पुंगळी ठेवावयाची तर ती धुऊन पुरती वाळवावी, घामट हातांनीं हाताळूं नये, झांकणाच्या कोरड्या डब्यांत ठेवावी. चकाकीसाठीं अमोनिया असलेलें पॉलिश तर मुळींच लावूं नये. तें लावणें म्हणजे पागाच घरांत आणणें होय. आणि डब्याची जागा गोठ्याच्या किंवा कोंबड्यांच्या खुराड्याच्या भिंतीला लागून नसावी.